बिनरंगाचं जंगल

हयात ककांनी काठी आडवी धरली आणि मैथानीला जागच्या जागी अडवलं.

"बस. इथून पुढे नाही."

सरकारी नकाशासाठी मोजणी करायला आलेल्या मैथानीच्या हातातलं यंत्र टिकटिक करत होतं. मोबाईलपेक्षा जाड, पिवळं, डोक्यावर आखूड शेपटी. सकाळपासून आम्ही तिघं गावाच्या जंगलाच्या हद्दीवरून चालत होतो. आम्ही पाय ठेवू तिथे ते यंत्र आभाळातल्या उपग्रहाला विचारून एक ठिपका टाकायचं. सगळे ठिपके जोडले की झाली हद्द. हद्दीच्या आत हिरवा रंग भरायचा, आणि हिरव्या रंगातल्या जंगलाला मग सरकारनंसुद्धा हात लावायचा नाही, अशी ती योजना होती.

समोर बांजाचं, म्हणजे पहाडी ओकचं, जुनं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याला लाल कापड. कापड पार विटून गेलं होतं, पण गाठ पक्की होती. त्याच्यामागे सगळं जंगल काळंभोर, दाट. खाली पानांचा एवढा थर की पाय ठेवला तर घोट्यापर्यंत जाईल. म्हणजे जात असणार. मी कुठे ठेवला होता.

मैथानीनं यंत्रात बघितलं, मग ककांकडे. तो म्हणाला की हद्द तर आतूनच जाते, पार वर धुऱ्यापर्यंत, म्हणजे डोंगराच्या माथ्यापर्यंत, मग धुऱ्याच्या कण्यावरून पलीकडे, आणि खाली गावाच्या झऱ्याशी, धाऱ्याशी येते. जिथून सकाळी सुरुवात केली तिथे. आत गेलो नाही तर वर्तुळ जुळायचं कसं?

ककांनी त्याला समजावलं. हे जंगल गावानं देवीला वाहिलंय. पाच वर्षांसाठी. बोललेली मुदत संपेपर्यंत आत माणसानं पाऊल टाकायचं नाही. कोयता नाही, कुऱ्हाड नाही, नुसतं पाऊलही नाही. गाय आत शिरली तर बाहेरून हाका मारायच्या. आली तर आपली, नाही आली तर बाघाची.

"मग धुऱ्यावर दुसऱ्या बाजूनं चढू," मैथानी म्हणाला.

"दुसऱ्या बाजूला कडा आहे," मी म्हटलं. "तुम्हा गढवाळ्यांना पंख असतील तर बघा."

तो हसला. पोरगा वाईट नव्हता. नाकाची साल निघालेली, चढावर छातीतून शिट्टी वाजायची, तरी कधी बसूया म्हणाला नाही. त्याला गावात चढ चढणारं आणि मोबाईल वाचता येणारं कोणीतरी हवं होतं. असे सगळे पोरगे दिल्लीला हॉटेलांत भांडी घासायला गेलेले. उरले मी. मला शाळा नव्हती. नववीत मास्तरांनी माझ्यावर छडी उगारली, मी ती मोडून दोन तुकडे त्यांच्याच टेबलावर ठेवले आणि दप्तर घेऊन घरी आले. परत गेले नाही.

उन्हं उतरायला लागली होती आणि माझं डोकं तापायला लागलं होतं. एवढं चाललो ते काय इथे येऊन थांबायला? मी म्हटलं, द्या ते यंत्र माझ्याकडे, मी पळत जाते आणि पळत येते, देवीला कळायच्या आत.

ककांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "भागी," ते म्हणाले, "तुझी सावलीसुद्धा आत नाही पडणार."

मी खरंच एक पाऊल मागे आले. ऊन पाठीवर होतं आणि माझी सावली लाल कापडाला टेकली होती.

मैथानी बराच वेळ यंत्राची बटणं दाबत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, ककांचा शब्द मोडायला नको. मी आत्ता इथेच वर्तुळ बंद करतो, ऑफिसात बसून उपग्रहाच्या फोटोवरून उरलेलं जंगल हातानं काढतो. तशी टीपही टाकतो.

त्यानं बटण दाबलं. मी वाकून बघत होते. सकाळपासूनची आमची रेघ पडद्यावर होती, वाकडीतिकडी, नाल्यात शिरलेली, खडकाला वळसा घातलेली. जिथे ककांनी विडी ओढली होती, तिथे ठिपक्यांचा नुसता गुंता. आणि आता आम्ही उभे होतो तिथून थेट खाली धाऱ्यापर्यंत एक सरळ रेघ आली. पट्टीनं मारल्यासारखी. देवीचं जंगल रेघेच्या बाहेर.

आमच्या डोंगरात सरळ काहीच नसतं. सरळ दिसली तर ती विजेची तार.

"ही तात्पुरती," मैथानी म्हणाला.

*

हयात कका आमचे पतरौल, म्हणजे गावाच्या जंगलाचे राखणदार. त्यांना पगार म्हणून पीक निघालं की घराघरातून मडुवा, म्हणजे नाचणी, आणि भात यायचा. कोणी मापात द्यायचं, कोणी मन लावून, कोणी तोंड वाकडं करून. तरुणपणी तेही दिल्लीला गेले होते म्हणे, पण एका पावसाळ्यात परत आले. का आलात विचारलं तर सांगायचे की तिथे झोपताना पाण्याचा आवाज येत नव्हता.

राखणदार म्हणून ते अगदी कुचकामी होते. मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. बायका कच्चं बांज तोडायच्या, गुरांना पाला म्हणून, आणि कका वळणावर यायच्या आधी मोठ्यानं खोकायचे. इतक्या मोठ्यानं की समोरच्या डोंगरावरची माणसंही कोयते लपवतील. बायका पळून जायच्या. कका तुटलेल्या फांदीजवळ उभे राहायचे, तिच्यावर माती टाकायचे, घरी यायचे. जसुली काखी, त्यांची बायको, म्हणायची, "चोर पकडायला गेलेत की चोरांना सांगायला?" कका म्हणायचे, पकडली तर ती कोणाची तरी सून असेल, उद्या धाऱ्यावर तिच्याच शेजारी उभं राहायचंय.

असं करता करता वरचं जंगल विरळ झालं. आणि एका उन्हाळ्यात धाऱ्याचं पाणी करंगळीएवढं आलं. सगळं गाव तेच पाणी पितं. दगडात कोरलेलं तोंड, त्यातून बारमाही धार. ती बांजाच्या मुळांतून येते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बायका रांगेत उभ्या राहून एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या तेव्हा ककांनी पंचायतीत हात जोडले. म्हणाले, माझ्याच्यानं होत नाही. माझ्या खोकल्याला कोणी भीत नाही. जंगल देवीला देऊ.

दिलं. शंख वाजला, लाल कापडं बांधली, सगळ्या घरांनी शपथ घेतली. आणि त्या दिवसापासून कोणी आत गेलं नाही. माझ्यासारखी पोरगीसुद्धा. ककांना तिथे राखणीला जावं लागलं नाही. तरी ते रोज जायचे, लाल कापडाशी बसायचे, आत बघायचे. तिसऱ्या वर्षी धार परत मनगटाएवढी झाली. त्या दिवशी ककांनी धाऱ्याखाली डोकं धरलं आणि पोरासारखे भिजून घरी आले. काखीनं शिव्या देत देत डोकं पुसलं.

आमच्याकडे यापेक्षा मोठं कुलूप कोणाला माहीत नव्हतं.

*

नकाशा आला तेव्हा मैथानी आला नाही. त्याचं कंत्राट संपलं होतं. दुसऱ्या दोघांनी जीपमधून मोठा फलक उतरवला आणि जिथे मोटारीचा रस्ता संपतो तिथे उभा केला. सगळं गाव जमलं. एवढे रंग आम्ही जत्रेतही बघत नाही. शेतं पिवळी, नाले निळे, जंगल हिरवंगार. सगळ्यांनी आधी आपापलं घर शोधलं. माझी ईजा, म्हणजे आई, गुरांचा गोठा सापडेना म्हणून रुसली.

कका फलकाजवळ उशिरा आले. त्यांनी बोटानं हद्द धरली आणि हळूहळू चालायला लागले, फलकावर. खडक, नाला, चिडाचं म्हणजे पाइनचं बन. लाल कापडापाशी बोट थांबलं. तिथून सरळ रेघ. रेघेपलीकडे देवीचं जंगल असायला हवं होतं, तिथे काहीच रंग नव्हता. नुसता मातकट, पुसट. आमच्या भिंती लिंपायच्या आधी दिसतात तसा.

मी म्हटलं, कका, हे राहून गेलंय.

पण तोवर लोकांनी उत्तर शोधलं होतं. आमच्या गावाचं उत्तर. सरपंच म्हणाले, बघा, सरकारनंसुद्धा मान राखला. जे देवीचं आहे त्याच्यावर रंग कशाला फासतील? बायकांनी फलकाला हात जोडले. कोणीतरी त्या बिनरंगाच्या जागेवर कुंकवाचं बोट लावलं. ककांचा चेहरा सैल झाला, आणि त्यांनी बोट काढून घेतलं. मीही गप्प बसले. एवढी माणसं खूश असताना मी काय वेगळं सांगणार होते?

*

नवा रस्ता पलीकडच्या खोऱ्यातून आला. आधी सुरुंगांचा आवाज, मग धूळ. कडा फोडून त्यांनी धुऱ्यावर वाट काढली. ज्या कण्यावर आम्हाला यंत्र नेता आलं नव्हतं तिथे आता डंपर चालत होते. आणि डोंगर फोडला की निघतो तो राडारोडा कुठेतरी टाकावा लागतो.

पहिला ढीग खाली आला तेव्हा कका लाल कापडाशी बसलेले होते. मला धाऱ्यावर आवाज ऐकू आला. कोणीतरी वरून पोतंभर भांडी ओतावीत तसा, पण संपेचना. मग झाडं मोडल्याचा. बांज मोडताना चिडासारखा कडकन मोडत नाही, वेळ घेतो.

मी धावत गेले. वरून करडी धूळ खाली सरकत येत होती. कका उभे होते, काठी हातात, पाय कापडाच्या अलीकडे. ते मोठ्यानं खोकत होते. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या बायका मोटारीच्या रस्त्यानं, लांबून वळसा घालून धुऱ्यावर गेलो. डंपरसमोर बसलो. पोलीस आले. त्यांनी मोबाईलवर आमचाच नकाशा दाखवला. म्हणाले, तुमचं जंगल हिरवं आहे ते बघा, त्याला कोणी हात लावलाय का? ही जागा रिकामी आहे. राडा टाकायला रिकामी जागाच देतात.

मी दगड उचलला आणि डंपरच्या काचेवर मारला. काच तडकली. आतून चालक उतरला, शेजारच्या गावचाच, माझ्या मामेभावाच्या वर्गातला. मला वाटलं मारणार. तो म्हणाला, "काचेचे पैसे माझ्या पगारातून कापतील गं." एवढंच. त्यानं खाली बघितलं, एका अर्धवट गाडलेल्या झाडावर अजून लाल कापड फडफडत होतं. त्यानं चप्पल काढली, हात जोडले, कपाळाला लावले. मग परत वर चढला आणि डंपर उलटा केला.

मैथानीला मी फोन लावला. बऱ्याच वेळा वाजल्यावर त्यानं उचलला. तो आता राजस्थानात कुठल्यातरी वाळवंटात खांब मोजत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, मी टीप टाकली होती. देवीचं जंगल, नंतर जोडणे, असं लिहिलं होतं. हातानं काढायचं ठरवलंही होतं, पण त्याआधीच आमची मुदत संपली. मी ओरडले की टीप वाचायची असते की नसते? त्याच्या छातीतून तीच शिट्टी ऐकू येत होती. म्हणाला, "भागी, नकाशात टीप दिसत नाही. रंग दिसतो."

मला त्याला खूप शिव्या द्यायच्या होत्या. पण तो रडत असावा, म्हणून मीच फोन बंद केला.

*

जिल्ह्याच्या ऑफिसला कका मला घेऊन गेले. त्यांनी लग्नातला कोट घातला होता. कॉम्प्युटरवर एक बाई होत्या, ककांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि पडद्यावर आमचा डोंगर मोठा मोठा करत आणला. झाडं दिसायला लागली. खरी झाडं, वरून बघितलेली, शेळीच्या पाठीवरच्या केसांसारखी दाट.

"हेच," कका म्हणाले. त्यांनी पडद्याला बोट लावलं. "इथे धारा आहे, पोरी. इथून पाणी येतं."

बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, झाडं मलाही दिसतायत, कका. हा फोटो आहे. पण फोटोवर एक पातळ पडदा ठेवलेला असतो, कुठे काय आहे ते सांगणारा. काम त्या पडद्यावर चालतं. त्यावर इथे काही नाही.

कका म्हणाले, मग भरा. तुमच्या हातात आहे. तुमच्यासमोर आहे.

बाई म्हणाल्या, माझ्या हातात बघणं आहे. बदलायचं असेल तर वरून, आणि वर सुधारणा घ्यायची मुदत संपली. पुढच्या फेरीत परत मोजणी होईल. कधी ते मलाही माहीत नाही. खोटं कशाला बोलू.

कका चहाचा पेला हातात धरून बसले. चहावर साय आली. मग त्यांनी विचारलं, "पण हे रिकामं आहे असं ह्याला सांगितलं कोणी?"

बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "कोणी सांगितलं नाही, कका," त्या हळू म्हणाल्या. "कोणीच काही सांगितलं नाही, म्हणून."

परतीच्या बसमध्ये कका खिडकीशी बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांचं डोकं गजावर आपटत होतं आणि ते बाजूला घेत नव्हते.

गावात बैठक बसली. काही लोक म्हणाले, मुदत राहिली आहे थोडीच, देवीची माफी मागू, आत जाऊ, झाडांना मिठ्या मारून उभे राहू, बघू कोण राडा टाकतो. मीही तेच म्हणत होते, सगळ्यांत मोठ्यानं. सरपंचही तयार झाले. सगळ्यांनी ककांकडे बघितलं, कारण देवीला शब्द त्यांनी दिला होता.

कका उठले. त्यांचा आवाज बसला होता. "आत्ता ते नकाशात रिकामं आहे," ते म्हणाले. "आपण शब्द मोडला तर खरंच रिकामं होईल."

मला त्यांचा एवढा राग आला की मी बैठकीतून उठून आले. वाटेत एका कुंपणाला लाथ मारली, अंगठ्याचं नख निघालं. घरी येऊन पाय पाण्यात घातला. तांब्यातल्या पाण्याला मातीचा वास येत होता.

*

मुदत संपली नवरात्रात, सकाळी. डंपर तोवर निघून गेले होते, रस्ता पुढे सरकला होता. शंख वाजला. रिवाज असा की त्या दिवशी सगळ्या घरच्या बायका कोयते घेऊन आत जातात आणि प्रत्येक घराला बांजाच्या पाल्याचा एक भारा मिळतो. जंगल परत गावाचं झालं म्हणून. मग धाऱ्याचं पाणी गागरीत भरून देवीला घालायचं.

कका पुढे होते. लाल कापडाशी त्यांनी बूट काढले, झाडाला हात लावला आणि आत पाऊल ठेवलं. घोट्यापर्यंत गेलं. आम्ही मागोमाग. काही पावलं खरंच सगळं होतं तसं होतं. थंड, ओलं, बुंध्यांवर शेवाळ, खाली बांजाची कोवळी रोपं, कोणी न तुडवलेली. एक बाई तर चक्क हसली. मग उजेड यायला लागला, जिथे यायला नको होता तिथे. पुढे करडा उतार. दगड, चुरा, त्यातून वर आलेले शेंडे, बुडत्या माणसाच्या हातासारखे नाहीत, त्यांत तेवढाही जीव नव्हता. वाळलेली पानं तशीच चिकटलेली.

ईजानं कोयता कमरेला खोचला. एकेक करून सगळ्यांनी खोचले. भारा कोणीच बांधला नाही.

कका मला म्हणाले, "तुझ्या फोनमध्ये ते ठिपक्यांचं आहे का?"

होतं. मैथानीनंच घालून दिलं होतं. मी चालू केलं. कका चालायला लागले. जुन्या हद्दीवरून, धुऱ्याकडे. हद्द आता राड्याखाली होती, पण त्यांना कुठे वळायचं ते विचारावं लागत नव्हतं. दगड सरकायचे, ते गुडघ्यावर यायचे, उठायचे. मी हात पुढे केला तर घेतला नाही. वर डांबरी रस्त्याच्या कडेकडेनं गेलो, एका मोटारीनं हॉर्न मारला. मग पलीकडून खाली, थेट धाऱ्याशी.

"जुळलं?"

मी पडदा दाखवला. वाकडीतिकडी रेघ, सुरुवातीच्या दगडाशी येऊन मिटलेली. कका ती बघत राहिले. मी विचारलं, कुठे पाठवू? ते म्हणाले, "असू दे तुझ्यापाशी."

जसुली काखी गागर घेऊन धाऱ्यावर उभी होती. धार परत करंगळीएवढी झाली होती, आणि पाणी करडं. गागर भरायला खूप वेळ लागला. काखीनं पदर पुढे केला, म्हणाली, गाळून घेते, देवीला असं कसं घालायचं.

ककांनी तिचा पदर बाजूला केला. "नको. तिलाही बघू दे."

त्यांनी गागर खांद्यावर घेतली आणि देवळापर्यंत एकट्यानं नेली. पुजाऱ्यानं आत वाकून बघितलं, ककांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मूर्तीवर पाणी ओतलं. पाणी खाली वाहून गेलं. दगडाची पूड काळ्या मूर्तीवर राहिली, कपाळापासून पायापर्यंत एक करडा ओघळ. पुजारी पुसायला फडकं शोधायला लागला. फडकं समोरच होतं, ककांच्या हाताशी. ककांनी ते उचललं, नीट घडी केली, आणि परत खाली ठेवलं.